रविवारच्या भरीत पार्टीत हा पिक्चर नको, हे घरात कसं सांगू?

आक्का, नमस्कार. माझं लग्न होऊन आठ महिने झाले. सासर अमळनेर, माहेर रावेरकडचं, केळीवाले. मिस्टरांना पिक्चरचं भयंकर वेड आहे, दिवाळीला त्यांनी प्रोजेक्टर घेतला आणि तेव्हापासून आमच्या हॉलची एक भिंत कायम रिकामी ठेवलेली असते. येत्या रविवारी मळ्यात भरीत पार्टी आहे. नणंदबाई येणार, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा येणार, आणि अंधार पडला की चादर बांधून पिक्चर लावायचा असं ठरलंय. यांनी निवडलाय ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. कोणीतरी ऑफिसात सांगितलं की जपानी कार्टून आहे, लय भारी आहे. यांनी तो बघितलेला नाही, मी बघितलाय. पुण्याला हॉस्टेलमध्ये होते तेव्हा, सेकंड इयरला, लॅपटॉपवर. दोन दिवस घास उतरला नाही घशाखाली, रूममेटला वाटलं घरी काही बरंवाईट झालं. (लहान भाऊ तेव्हा दहावीला होता, त्याच्या काही वर्षं आधी आई वर्षभर नाशिकला दवाखान्यात होती तेव्हा त्याचं सगळं मीच केलेलं, त्याला रात्री अकराला फोन करून विचारलं जेवलास का, तो झोपेतून उठून माझ्यावरच ओरडला.) मी यांना म्हटलं की मी बघितलेल्यात सगळ्यात भारी पिक्चर आहे हा, पण मी परत बघणार नाही. तर म्हणे हे काय लॉजिक, भारी असेल तर माणूस दहा वेळा बघतो, तुला आवडला नसेल तर सरळ सांग. सासूबाई पण हसल्या, कार्टूनला घाबरते म्हणे सून. रविवारी मी काय करू? डोकं दुखतंय म्हणून घरीच थांबू का? आणि माझ्यातच काही प्रॉब्लेम आहे का?

– एक वाचक, अमळनेर

अगं, आधी शेवटचा प्रश्न घेते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तुझ्यात काहीही प्रॉब्लेम नाहीये. आणि डोकं दुखतंय हे तर अजिबात सांगू नको, लग्नाला आठ महिने झालेल्या सुनेचं डोकं दुखलं की सासरी त्याचा काय अर्थ काढतात हे तुला माहीत नसेल तर सांगते, भरीत बाजूला राहील आणि मळ्यातल्या सगळ्या बाया तुझ्या पोटाकडे बघत बसतील.

आता जावईबापूंचं लॉजिक. भारी पिक्चर माणूस दहा वेळा बघतो. ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही पंचवीस वर्षांची असताना असंच वाटायचं. पण जरा घरातच बघ. माझे वडील शाळामास्तर होते, आणि त्यांच्या पिढीला ‘श्यामची आई’ म्हणजे काय होतं हे तुला वेगळं सांगायला नको, तू तर साने गुरुजींच्याच गावात नांदतेस, गुरुजी तिथे शिक्षक होते, अमळनेरकरांना त्याचा अजून अभिमान. अत्र्यांनी १९५३ साली त्यावर पिक्चर काढला आणि पुढच्या वर्षी देशातले पहिले चित्रपट पुरस्कार दिले गेले तेव्हा पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. वडिलांनी तो लहानपणी एकदा बघितलेला. नंतर कधी दूरदर्शनवर लागला की ते आम्हाला सगळ्यांना हाका मारून बसवायचे, या रे या, चांगला सिनेमा आहे, आणि आम्ही बसलो की स्वतः उठायचे. कुठे तर म्हशीला पाणी दाखवायला. म्हैस बिचारी एवढं पाणी कधीच प्यायली नाही जेवढं त्या दोन तासांत तिला दाखवलं. आई म्हणायची, अहो बसा की, तर गोठ्यातून आवाज यायचा, माझा पाहिलेला आहे. आता सांग, त्यांना आवडला नव्हता का तो पिक्चर?

मग मराठी पिक्चरला तो सगळ्यात वरचा राष्ट्रीय पुरस्कार परत कधी मिळाला तर थेट पन्नास वर्षांनी, ‘श्वास’ला, २००४ मध्ये. आणि तो माझा. म्हणजे माझा म्हशीला पाणी दाखवायचा पिक्चर. कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरात येतो, पोराच्या डोळ्यात कॅन्सर निघतो, जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार, दुसरा इलाज नाही, आणि ऑपरेशनच्या आधी तो म्हातारा कोणाला न सांगता पोराला दवाखान्यातून बाहेर काढतो, जग दाखवायला. अरुण नलावडेंनी काय काम केलंय त्यात. माझा मुलगा तेव्हा साधारण त्याच वयाचा होता. थिएटरातून घरी आलो, सगळे झोपले, आणि मी टॉर्च घेऊन पोराच्या उशाशी बसले, कारण कुठेतरी वाचलेलं की त्या आजारात बाहुलीत पांढरी चमक दिसते. झोपलेल्या पोराची पापणी वर करून मी टॉर्च मारत होते. ते किंचाळत उठलं, नवरा उठला, सासू उठली, शेजारच्यांचा लाइट लागला. त्याला आता चष्मासुद्धा नाहीये, ठणठणीत आहे, पुण्यात नोकरी करतोय. पण वीस वर्षं झाली, कोणी ‘श्वास’चं नाव काढलं की मी म्हणते अप्रतिम पिक्चर, बघाच, आणि स्वयंपाकघरात जाते.

तर सांगायचं काय की परत न बघायच्या पिक्चरचे प्रकार वेगवेगळे असतात. टुकार असतो तो एक, त्याचं काय बोलायचं, तिकिटाचे पैसे आठवतात फक्त. खून कोणी केला हे कळलं की संपणारे असतात. आणि एक हा तिसरा, जो पहिल्याच वेळी एवढा आत जातो की परत बघायची जागाच उरत नाही. जावईबापू तिसऱ्याला पहिल्यात टाकताहेत एवढाच घोळ आहे.

पण त्यांची बाजू पण मांडते, नाहीतर म्हणाल आक्का सुनांचीच बाजू घेते. रडवणारे पिक्चर माणसं परत परत बघतातच की. १९९१ ला ‘माहेरची साडी’ आला तेव्हा आमच्या शिंदखेड्याकडच्या गावातनं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बाया तालुक्याला गेलेल्या. माझी मोठी काकू तीनदा गेली. तिसऱ्यांदा निघताना माझ्या आईला म्हणते कशी, चाल वो, रडी येऊत. जसं काही नदीवर धुणं धुवायला निघाल्यात. आणि खरंच तसंच होतं ते. घरात सासूसमोर, दिरासमोर रडायची सोय नव्हती, तिथे अंधार होता आणि शेजारची पण रडत होती, अलका कुबलच्या नावावर प्रत्येकजण आपापलं रडून घ्यायची, आणि येताना ट्रॉलीत हसत खिदळत, शेंगा खात यायच्या. ते रडणं अंगावरून उतरतं. तुझा पिक्चर तसला नाहीये. त्यात रडून हलकं वाटत नाही, उलट काहीतरी बरोबर घेऊन आल्यासारखं होतं आणि ते ठेवायचं कुठे कळत नाही.

आणि मधले पण असतात हां. ‘सैराट’ बघ. २०१६ ला त्या गाण्यांवर पोरं थिएटरात खुर्च्यांवर चढून नाचली, आमच्याकडे टीव्हीवर लागला की भाचे कंपनी अजून नाचते, विहीर, बुलेट, सगळं पाठ. पण शेवट जवळ आला की कोणाला तरी एकदम मॅच आठवते आणि चॅनल बदलतं. ते लहान पोर दारातून आत जाऊन बाहेर येतं, पावलं लाल, आणि पिक्चरचा आवाजच बंद झालेला. ते एकदा बघितलंय सगळ्यांनी. दुसऱ्यांदा बघितलेलं आमच्या घरात तरी कोणी नाही. कोणी कोणाला विचारत पण नाही, रिमोट ज्याच्या हातात तो ते काम करतो.

(जावईबापू हे वाचत असतील तर इथून खाली जरा थांबा, तुम्ही पिक्चर बघितलेला नाही.)

त्यांचं दुसरं म्हणणं काय असणार ते पण मला माहीत आहे, आज ना उद्या काढतीलच, की अगं आता तुला शेवट माहीत आहे, मग त्रास कमीच होईल ना. इथेच तर गंमत आहे. युद्धात आई गमावलेल्या भावाची आणि त्याच्या लहान बहिणीची गोष्ट आहे ही, आणि तिचा शेवट पहिल्याच मिनिटाला सांगून टाकलाय. २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री मी मेलो असं तो पोरगा स्वतःच सांगतो, स्टेशनच्या खांबाला टेकून बसलेला दिसतो, कपडे फाटलेले, लोक बाजूने चाललेत. म्हणजे लपवाछपवी काहीच नाही. तरी पहिल्यांदा बघताना आपण ते विसरतो. दोघं भावंडं काजवे पकडतात, समुद्रावर पळतात, आणि आपल्याला वाटतं काहीतरी होईल, कोणीतरी येईल, ज्यांच्या घरी ती राहतात ती काकू तरी सुधारेल. दुसऱ्यांदा ती सोय राहात नाही. तो गोळ्यांचा डबा आठव. आपल्याकडे रावळगावच्या गोळ्या मिळायच्या ना, तसल्याच फळांच्या गोळ्या, पत्र्याच्या डब्यात. आधी भरलेला असतो, मग खडखड कमी होते, मग तो त्यात पाणी घालून हलवून तिला पाजतो, गोळ्यांची चव लागलेलं पाणी, आणि ती चार वर्षांची पोर एकेका फळाचं नाव घेत खुश होते. पहिल्यांदा बघताना आपण पण तिच्याबरोबर जरा हसतो. दुसऱ्यांदा तो डबा पहिल्यांदा पडद्यावर आला की तुला लगेच माहीत असणार, शेवटी त्यात काय ठेवलेलं असतं ते. तिला माहीत नाही, तुला माहीत आहे, आणि तू तिला सांगू शकत नाहीस. मला तरी वाटतं दुसऱ्यांदा बघणं म्हणूनच जास्त जड.

ज्याच्या गोष्टीवरून हा पिक्चर काढला, त्या लेखकाची, अकियुकी नोसाकाची, स्वतःची लहान बहीण त्या युद्धात उपासमारीने गेली. तो जगला. १९६७ मध्ये त्याने गोष्ट लिहिली आणि त्यात भावाला पण मारून टाकलं. हे मी नंतर वाचलं आणि मग तो पिक्चर परत लावायचा उरलासुरला विचार पण गेला माझा. हो, मी पण बघितलाय, मुलाने दाखवला, लॉकडाऊनमध्ये. एकदाच.

आता खरं सांगू, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यातली जी ओळ दिसली ती तू कंसात टाकलीयेस. आई वर्षभर दवाखान्यात, लहान भावाचं सगळं मीच केलं. किती वर्षांची होतीस तू तेव्हा? चौदा? पंधरा? त्या पिक्चरमधला भाऊ चौदाचा आहे. लोक तो पिक्चर बघून युद्ध किती वाईट असं म्हणतात, ते बरोबरच आहे, पण तू त्या दिवशी युद्ध बघतच नव्हतीस. तू बघत होतीस की एक मोठं भावंड सगळं करतंय, भात शिजवतंय, आंघोळ घालतंय, हसवतंय, आणि तरी पुरत नाहीये. म्हणून रात्री अकराला फोन, जेवलास का. बाई, तुझा भाऊ जेवलेला होता. तुझं पुरलं होतं. पण हे लॅपटॉपसमोर बसलेल्या पोरीला कोण सांगणार.

हे जावईबापूंना माहीत आहे का? मला वाटतं, नाही. आठ महिन्यांत माणूस कोणती भाजी आवडते, कोणत्या कुशीवर झोपते एवढंच कळतं. आई आजारी होती हे त्यांना लग्न ठरतानाच कळलं असेल, पण सकाळी पाचला उठून भावाचा डबा कोणी केला हे स्थळाच्या बायोडाट्यात लिहीत नाहीत. सांगावंसं वाटलं तर सांग, रविवारच्या आधी, दोघंच असताना, पिक्चरचा विषय न काढता. पण सांगितलंच पाहिजे असं नाही हां. मला परत बघायचा नाही एवढं म्हणणं पुरे आहे, त्याच्यामागे दवाखान्याचे कागद जोडायची गरज नाही. कोणाला कारलं नको असेल तर आपण त्याच्याकडे कारण मागतो का, ताटात वाढत नाही, विषय संपला. आणि तो माणूस वाईट नाहीये गं, मला पत्रातून तरी तसा वाटला नाही. काही माणसांना प्रेम बोलता येत नाही, ती पिक्चर दाखवतात. तू नाही म्हटलं की त्यांना वाटतं आपल्यालाच नाही म्हटलं. म्हणून नाही म्हणताना लगेच पुढे जोड की तुम्ही मात्र बघा, आणि बघून झालं की मला बोलायचंय तुमच्याशी. बघ कसा चेहरा खुलतो.

आता रविवार. सगळ्यात आधी नणंदबाईंना फोन कर. यांच्याशी लॉजिक लढवत बसू नको, सासूबाईंना पटवत बसू नको, थेट नणंदेला सांग की या पिक्चरमध्ये बॉम्बने भाजलेली आई दाखवलीये, सगळी पट्ट्यांत गुंडाळलेली, आणि नंतर जखमांवर अळ्या, आणि ती मरते, आणि मग ती लहान मुलगी पण मरते. एवढंच. सहा वर्षांच्या पोराची आई आहे ती, पुढचं ती बघून घेईल, भावाला असा झापेल की तुला तोंड उघडावं लागणार नाही. कार्टून म्हटलं की लहान मुलांचं हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे, त्याच्यात यांचा एकट्याचा दोष नाही. त्यामुळे झापून झालं की तू जरा त्यांच्या बाजूने बोल, भाव वाढेल.

मग मळ्यात लावायचं काय? तर त्याच कंपनीचा, स्टुडिओ जिब्लीचा, ‘माय नेबर टोटोरो’. आणि ऐक, हे दोन पिक्चर १९८८ च्या एप्रिलमध्ये जपानात एकाच दिवशी, एकाच तिकिटावर लागले होते. एक संपला की दुसरा. कोणाच्या डोक्यातून ही आयडिया निघाली देव जाणे. ज्यांनी आधी टोटोरो बघितला आणि मग हा, ते घरी कसे गेले असतील याचा मी बरेचदा विचार करते. टोटोरो दीड तासाच्या आत संपतो, भाच्याला झोप यायच्या आत. त्यात झाडाएवढा एक केसाळ प्राणी आहे, मांजराची बस आहे, पाऊस आहे, शेतं आहेत, आपल्याला परकं वाटावं असं काही नाही. यांना पण राग यायचं कारण नाही, प्रोजेक्टर त्यांचा, चादर त्यांची, पिक्चर पण त्याच तोडीचा.

आणि यांचा पिक्चर सोमवारी रात्री त्यांनी एकट्याने बघावा. भरीत पार्टीच्या रात्री तसाही तो नकोच, बामणोदची हिरवी वांगी पऱ्हाट्यांवर भाजलेली, वरून मिरचीचा ठेचा, कळण्याची भाकरी, आणि एवढं खाऊन समोर पोर उपाशी मरताना बघायचं, कसं पचायचं सांग. तू बाजूच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घाल, इस्त्री कर, काहीही कर, पण घरात राहा. नव्वद मिनिटांनी आवाज बंद होईल. लगेच बाहेर जाऊ नको, पाचदहा मिनिटं जाऊ दे, पुरुषांना तोंड धुवायला वेळ लागतो. मग चहा टाक. आणि काहीही झालं तरी, तुला हात जोडते, मी म्हटलं होतं ना, हे वाक्य बोलू नको. त्यांनाच बोलू दे. कदाचित ते तुझ्या भावाला फोन लावायला सांगतील, कदाचित दोन दिवस गप्प राहतील, कदाचित म्हणतील की ठीक होता, एवढं काय त्यात. असंही होऊ शकतं, तयारी ठेव, सगळ्यांच्या कंसात सारखीच ओळ नसते.

एक सांगायचं राहिलं. टोटोरो बिनधास्त लाव म्हटलं खरं, पण त्यात पण दोन भावंडं आहेत, मोठी बहीण आणि धाकटी, आणि आई दवाखान्यात. मोठीच सकाळी उठून सगळ्यांचे डबे भरते. घाबरू नको, त्यातली आई घरी येते, शेवटी नावं पडतात तिथे चित्रांमध्ये दाखवलंय, यांना आधीच सांगून ठेव की नावं सुरू झाली म्हणून प्रोजेक्टर बंद करायचा नाही. पण त्याच्या आधी ती धाकटी एकटीच आईकडे निघते, आपल्या शेतातल्यासारखंच मक्याचं कणीस छातीशी धरून, हे खाल्लं की आई बरी होणार म्हणून. तेवढ्यात कोणी विचारलंच काय झालं, तर म्हण ठेचा तिखट झालाय.

– आक्का, धुळे